झाकण फुगलेला मध, तपासणीचा कागद आणि बाळाची घुटी

प्रश्न थोडक्यात असा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर राहणाऱ्या एका ताईंकडे सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाश्यांच्या १४ पेट्या आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला पाऊस पडून गेल्यावर त्यांनी हंगामातला शेवटचा मध काढला आणि बाटल्या भरल्या. ऑगस्टमध्ये झाकणं फुगली, दोन बाटल्यांतून मध फेसाळून बाहेर आला आणि दुकानदाराने माल परत पाठवला. प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो: पाणी २२.६ टक्के, यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव) आणि बुरशी मिळून दर ग्रॅमला १,८००, एकूण जीवाणू दर ग्रॅमला ३४०, ई. कोलाय आणि साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जीवाणू नाहीत. त्या विचारतात, मधात जंतू जगत नाहीत असं लहानपणापासून ऐकलंय, मग हे आले कुठून? हा मध उकळून विकता येईल का? पुढच्या वर्षी परागही विकायचा विचार आहे, त्यात काय सांभाळायचं? आणि शेवटी, जाता जाता, एक ओळ: "घरात जाऊबाईंचं चार महिन्यांचं बाळ आहे, त्याची घुटी याच मधात उगाळतो. ती चालू ठेवली तर चालेल ना?"

शेवटची ओळ आधी घेते. ताई, आजपासून बाळाच्या घुटीत मध नको. मध फसफसलाय म्हणून नाही. तुमचा सगळ्यात चांगला, जांभळाच्या फुलोऱ्याचा, पूर्ण मेणबंद पोळ्यातला मध असता तरी मी हेच सांगितलं असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटाने चाटवायचा नाही, औषधाच्या पुडीबरोबर नाही, चोखणीला लावून नाही.

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा एक जीवाणू मातीत असतो. परिस्थिती त्याच्या सोयीची नसली की तो स्वतःभोवती चिवट कवच करतो आणि बीजाणू होऊन पडून राहतो. धुळीतून, फुलावरून, माशीच्या अंगावरून हे बीजाणू पोळ्यात येतात. मधात ते वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. कणगीतल्या बियाण्यासारखे पडून राहतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते गेले तर आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले जीवाणू त्यांना रुजू देत नाहीत आणि ते आले तसे बाहेर जातात. चार महिन्यांच्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. तिथे ऊब आहे, ओल आहे, हवा नाही. बीजाणू रुजतो, वाढतो आणि विष तयार करतो. मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा निरोप हे विष अडवतं. किती बीजाणू पुरतात? दहा ते शंभर, असा अंदाज धरला जातो. चमच्याच्या टोकाला लागलेल्या मधातही तेवढे मावतात.

पहिलं लक्षण बहुतेक वेळा बाळाला शी न होणं. आता घरात काय होतं बघा. शी होत नाही म्हणून आजी मुरुडशेंगेचा आणि हिरड्याचा एकेक वळसा जास्त उगाळते, आणि तोही मधातच. अंगावर पिणाऱ्या बाळांना कधी कधी तशीही दोन-चार दिवस शी होत नाही, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर घाबरायचं कारण नाही. पण दूध ओढायची ताकद कमी झाली, रडण्याचा आवाज बारीक झाला, पापण्या जड झाल्या, मान टाकायला लागलं, अंग ढिलं पडलं, तर रात्र काढू नका. बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि मध दिला होता हे आपणहून सांगा. मध दिल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत तीन दिवसांपासून महिनाभरापर्यंत कितीही काळ जाऊ शकतो, त्यामुळे विचारल्याशिवाय ही गोष्ट कुणाला आठवतच नाही.

हा आजार वेगळा म्हणून १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला आणि १९७९ मध्ये त्याचा मधाशी संबंध मांडला गेला. २०१८ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये चार बाळं एकामागून एक याच आजाराने रुग्णालयात दाखल झाली. चौघांनाही मेक्सिकोतून आणलेली, आत मध भरलेली चोखणी दिलेली होती.

सासूबाई म्हणतील, आमची पाच पोरं मधाच्या घुटीवरच वाढली. खरं आहे. बहुतेक मधांत हे बीजाणू नसतात, आणि असले तरी प्रत्येक बाळाला आजार होतो असंही नाही. म्हणून वाद घालू नका, वस्तू बदला. सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काहीच नको हे डॉक्टरांचं म्हणणं मला मान्य आहे. पण घरात घुटी थांबणारच नसेल तर ती आईच्या दुधात उगाळा, आणि सहाण रोज घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, कोरडी करून ठेवा. सुवर्णप्राशनाच्या थेंबांत मध असतो, तेव्हा वर्षाच्या आत त्यालाही माझ्याकडून नकारच. बाळाच्या आईने मात्र मध खुशाल खावा. बीजाणू दुधातून उतरत नाहीत.

इथे हमखास पुढचा प्रश्न येतो, तुमच्याही पत्रात आहे: उकळून घेतला तर? आमच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलीला हाच प्रश्न पडला होता. मी म्हटलं, करून बघ. तिने मध पाण्यात कालवला, दहा मिनिटं खळखळून उकळला आणि हवा नसलेल्या नळ्यांत पोषक रसात घालून उबेत ठेवला. दुसऱ्या दिवशी काही नळ्या ताकासारख्या गढूळ झाल्या होत्या. ते बॉट्युलिनम नव्हते, त्याच्या कुळातले साधे मातीतले जीवाणू होते, पण मुद्दा तिला समजला. असे बीजाणू मारायला १२१ अंश सेल्सिअसची वाफ लागते, तीही दाबाखाली आणि काही मिनिटं. तेवढ्या उष्णतेला मध मध राहत नाही, काळपट पाक होतो. मध घातलेली बिस्किटं, केक, पाव हेही त्याच कारणाने वर्षाखालच्या बाळाला नकोत. भट्टी कितीही तापलेली असली तरी पिठाच्या आतला भाग शंभराच्या वर जात नाही.

आणि तपासणी करून घेतली तर? तुमच्या अहवालात बॉट्युलिनमचं नाव नाही, कारण ती चाचणी नेहमीच्या यादीत नसतेच. असती आणि "आढळला नाही" असं आलं असतं, तरी तो निकाल तपासलेल्या चमचाभर मधाचा. बीजाणू मधात मिठासारखे एकसारखे विरघळलेले नसतात; एका बाटलीत असतील, शेजारच्या बाटलीत नसतील. बाळासाठी सुरक्षित असं प्रमाणपत्र कुठल्याही मधाला कुठलीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही. तीस वर्षं प्रयोगशाळेतल्या या टेबलावर बसून मी हे सांगतेय. म्हणून तुमच्या पुढच्या लेबलवर एक ओळ ठळक अक्षरांत हवी: एक वर्षाखालील बाळांना देऊ नये.

आता मधाकडे वळू. "मधात जंतू जगत नाहीत" हे वाक्य अर्धंच खरं आहे. मधात जंतू वाढत नाहीत, असं म्हणायला हवं. मधात सुमारे ऐंशी टक्के साखरा असतात आणि त्या पाण्याला धरून ठेवतात. जंतूंना लागतं ते मोकळं पाणी. मधात पाणी आहे पण ते बांधलेलं आहे. त्यात मध आंबट असतो, जिभेला गोडीमागे कळत नाही इतकंच. त्याचा सामू (पीएच) साधारण चारच्या आत-बाहेर असतो. शिवाय माश्यांनी त्यात घातलेलं एक विकर (एन्झाइम) मध पातळ झाला की थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. ई. कोलाय किंवा साल्मोनेला अशा ठिकाणी पडले तर ते सुकत सुकत काही दिवसांत ते काही आठवड्यांत मरतात. म्हणून तुमच्या अहवालात ते नाहीत याचं मला नवल नाही. उलट कुणाच्या मधात ई. कोलाय सापडला तर मी पहिल्यांदा विचारते, बाटल्या कधी भरल्या आणि कुठल्या पाण्याने धुतल्या? कारण तो पोळ्यातून आलेला नसतो, हातातून, फडक्यातून किंवा पाण्यातून नुकताच आलेला असतो.

तुमचे ते ३४० जीवाणू जवळजवळ सगळे बॅसिलस कुळातले बीजाणू असणार. तपासणीच्या थाळीवर त्यांच्या कोरड्या, सुरकुतलेल्या, कडा पसरलेल्या वसाहती उठतात. जुन्या भिंतीवरच्या चुन्याच्या पोपड्यांसारख्या. माती, पराग, माशीचं आतडं ही त्यांची घरं. निरोगी मोठ्या माणसाला एवढ्या संख्येने काही होत नाही. या आकड्यावर झोप घालवू नका.

झोप घालवायची असेल तर ती २२.६ या आकड्यावर. भारतीय अन्नसुरक्षा मानकांत मधातल्या पाण्याची कमाल मर्यादा २० टक्के आहे, आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातही बहुतेक मधांसाठी तीच. ॲगमार्क या शेतमालाच्या सरकारी शिक्क्याच्या श्रेणींत अगदी खालच्या श्रेणीला २५ टक्क्यांपर्यंत सूट होती, आणि गावोगावचे जुने मधपाळ अजून तोच आकडा डोक्यात ठेवून बसलेत. पण यीस्ट मानकं वाचत नाही. साखरेत जगायला सरावलेली यीस्ट असतात, झायगोसॅकरोमायसेस हे त्यांतलं मुख्य नाव. फुलांतल्या मकरंदापासून मध काढण्याच्या यंत्रापर्यंत ती सगळीकडे असतात. कॅनडातल्या लॉखहेड या जीवाणुशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये लावलेला हिशोब आजही वापरला जातो. पाणी १७.१ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर यीस्ट कितीही असो, मध फसफसत नाही. १८ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्रॅममागे हजाराच्या आत यीस्ट चालतं. १९ पर्यंत दहाच्या आत, २० पर्यंत एखादंच. वीसच्या पुढे मध फसफसण्याची भीती कायमची. तुमच्या मधात १,८०० ऐवजी १८ यीस्ट असती तरी झाकणं फुगलीच असती, फार तर ऑगस्टऐवजी दिवाळीला.

यीस्टच्या आकड्याबद्दल एक आतली गोष्ट. हा आकडा कोणत्या माध्यमावर, म्हणजे थाळीतल्या जंतूंच्या खाद्यावर, काढला ते प्रयोगशाळेला विचारा. साखरेला सरावलेली यीस्ट साध्या माध्यमावर नीट उठत नाहीत, त्यांना गोड, कमी पाण्याचं माध्यम लागतं. साध्या थाळीवर "दहापेक्षा कमी" आलेला मध महिन्याभरात फसफसलेला मी पाहिलाय.

पाणी आलं कुठून? पत्रात उत्तर आहे: पहिला पाऊस पडून गेल्यावर. माशी पातळ मकरंद आणते आणि पंखांनी वारा घालून आटवते. हवा कोरडी असेल तर आटतो. एप्रिलमध्ये जांभूळ, हिरडा फुलात असतात तेव्हा दुपारची हवा माशीच्या बाजूने असते. जूनमध्ये घाटमाथ्यावर हवाच ओलीचिंब. माशीने रात्रभर पंख मारले तरी पाणी जायला जागा नाही. त्यात पाऊस वाढला की मध बुडेल या धास्तीने आपण अर्धवट मेणबंद फ्रेमही काढतो. पोळ्याची निदान तीन चतुर्थांश घरं मेणबंद झाल्याशिवाय फ्रेम हलवायची नाही. शंका असेल तर फ्रेम आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर तो मध नाही, अजून मकरंदच आहे. तुमचा जूनचा मध माश्यांसाठी सोडला असता तर पावसाळ्यात साखरेचा पाकही कमी घालावा लागला असता.

आणि मध काढल्यावरही पाणी येतच राहतं. मध हवेतलं पाणी ओढतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असेल तर मध साधारण १८ टक्क्यांवर स्थिरावतो. सत्तरच्या पुढच्या हवेत उघडा ठेवला तर वीसच्या कितीतरी पुढे जातो. महाबळेश्वर-आंबोलीकडची पावसाळी हवा नव्वदच्या वर असते. गाळायला कापड बांधून रात्रभर उघडा ठेवलेला डबा सकाळपर्यंत वरच्या थरात पाणी पिऊन बसतो, आणि फेस नेहमी वरूनच सुरू होतो.

एका गावात बचत गटाच्या बायकांबरोबर मध काढत होते. सगळं नेटकं: डोक्याला फडकी, हात धुतलेले, स्टीलचं यंत्र. दोन खेपांच्या मध्ये एकीने यंत्र विहिरीच्या पाण्याने विसळलं, उपडं केलं, "निथळलं की" म्हणाली आणि पुढच्या फ्रेम लावल्या. मी तळाशी हात फिरवला, ओंजळभर पाणी. हिशोब करा: १९ टक्के पाणी असलेल्या २० किलो मधात २०० मिली पाणी पडलं तर तो मध १९.८ वर जातो. सुरक्षित बाजूचा मध एका ओंजळीने कडेलोटावर. वर विहिरीच्या पाण्यातले जंतू फुकट. म्हणून मध काढायच्या दिवशी यंत्राला पाणी लावायचंच नाही; आदल्या दिवशी गरम पाण्याने धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. बाटल्यांचंही तसंच. जुन्या बाटल्यांच्या झाकणाच्या आतल्या चकतीखाली ओल राहते, ती डोळ्यांना दिसत नाही.

रिफ्रॅक्टोमीटर घ्या, म्हणजे थेंबावरून मधातलं पाणी मोजणारं उपकरण. फार महाग नाही आणि वापरायला सोपा आहे. पण मधाचाच घ्या. द्राक्षबागायतदारांकडे असतो तो शून्य ते ३२ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप) मधाला चालत नाही, त्याची मोजपट्टी मधाच्या कितीतरी आधी संपते. प्रत्येक खेपेचा थेंब बघा, तापमानाची दुरुस्ती करा, वहीत लिहा. १९ च्या वरचा मध वेगळा ठेवा. पाणी कमी करायचं असेल तर तापवून नाही. बंद खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र आणि पंखा लावून, मध काढण्याआधी फ्रेम एक-दोन दिवस तिथे ठेवता येतात. पाच-सहा मधपाळांनी मिळून अशी एक खोली केली तर परवडतं.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: थिजलेला मध शुद्ध आणि टिकाऊ, असं समजतात. थिजणं नैसर्गिकच आहे. पण ग्लुकोजचे खडे बनताना मागे उरलेल्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं, आणि पाण्याच्या मर्यादेच्या काठावर असलेला मध थिजल्यानंतर फसफसतो. बाटलीत खाली रवाळ साय आणि वर पातळ थर दिसला, की तो आधी संपवा.

कोकणात डंख नसलेल्या बारीक माशीचा आंबटगोड मध मिळतो, त्याला हे आकडे लावू नका. त्यात मुळातच २५ ते ३५ टक्के पाणी असतं. मलेशियाने २०१७ मध्ये अशा मधासाठी स्वतंत्र मानक केलं. तो थोडा काढायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा आणि लवकर खायचा. आग्या या जंगली मोठ्या माशीचा, पोळं पिळून काढलेला मध ही तर वेगळीच कहाणी: त्यात अळ्यांचा रस, पराग, हाताचा मळ सगळं उतरतं. फक्त मधाचा भाग कापून, पिल्लांचा भाग झाडावर तसाच ठेवून, न पिळता गाळलेला आग्याचा मध आणि पिळलेला मध यांच्या थाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणती कुठली ते शाळकरी पोरही सांगेल.

परत आलेल्या बाटल्यांचं काय? हा मध विषारी नाही. बॉट्युलिनमचं विष बाटलीतल्या मधात तयार होत नाही. तिथे आंबटपणाही आडवा येतो आणि बांधलेलं पाणीही. पण मध म्हणून तो विकता येणार नाही. पाण्याच्या पातेल्यात ठेवून ६३ अंशांना अर्धा तास धरला तर यीस्ट मरतील, फेस थांबेल. पण पाणी २२.६ च राहील, आंबूस वास राहील आणि उष्णतेने वाढणारं एचएमएफ नावाचं द्रव्य पुढच्या तपासणीत दिसेल. चरकसंहितेत मध तापवण्याविरुद्ध लिहिलंय, त्याची कारणं वैद्यांना विचारा. माझं कारण एवढंच की तापवून तुमच्या हाती चांगला माल येत नाही. घरात सरबताला, चटणीला वापरा. पुण्याकडे आता मधापासून मीड नावाची दारू करणारे लोक आहेत, पण घरी करायला जाऊ नका, तो मद्याचा परवाना लागणारा धंदा आहे. आणि काहीही झालं तरी हा मध माश्यांना परत घालू नका. फसफसलेल्या मधाने त्यांना जुलाब होतात.

बाजारातला दुसऱ्याचा मधही माश्यांना घालायचा नाही, हे याच्याच जोडीने सांगते. अमेरिकन फाउलब्रूड हा अळ्या सडवणारा रोग ज्या जीवाणूमुळे होतो त्याचे बीजाणू मधात आणि मेणात वर्षानुवर्षं, दशकानुदशकं टिकतात. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तेवढ्याने ते मरत नाहीत. माणसाला त्यांचा त्रास नाही, पण तुमच्या १४ पेट्या जाऊ शकतात. अळ्या पिवळ्या पडल्या, वास आला, की कुणी तरी टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पूड साखरेच्या पाकात घालायला सांगतं. ती मधात उतरते. प्रतिजैविकांच्या अंशांवरून युरोपीय संघाने २०१० मध्ये भारतीय मधाची आयात थांबवली होती, ती पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. रोगट पोळं काढून टाका, राणी बदला, पेटी धगधगत्या ज्वालेने भाजून घ्या; पूड नको. शंका आली तर पोळ्याचा तुकडा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे दाखवा.

आता पराग, आणि इथे मी तुम्हाला थोडं घाबरवणार आहे. मधपाळ समजतात की पराग म्हणजे कोरडी पूड, मधापेक्षा सोपी. प्रत्यक्षात पेटीच्या दाराशी लावलेल्या, माशीच्या पायावरचा पराग झाडून घेणाऱ्या सापळ्यात पडलेल्या ताज्या परागगोळीत २० ते ३० टक्के पाणी असतं. माशीने मकरंद आणि लाळ लावून ती वळलेली असते. त्यात प्रथिनं भरपूर आणि मधासारखं साखरेचं कुलूप नाही. दमट हवेत एक रात्र सापळ्यातच राहिली तर सकाळी गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांवर हिरवट-राखाडी लव. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरश्या परागात नेहमीच्या, आणि त्यांतल्या काही अफ्लाटॉक्सिनसारखी विषं सोडतात. बुरशी नंतर वाळवून मेली तरी विष तिथेच राहतं. भुईमुगाच्या शेंगांचं जे दुखणं, तेच.

पोळ्यात माशी हाच पराग घरांत ठासते, वर मध घालते, आणि लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू तो आंबवून टिकाऊ करतात. आपण लोणचं मुरवतो तसं. सापळा लावून आपण तो मुरण्याआधीच हिसकावून घेतो, तेव्हा टिकवण्याची जबाबदारी आपली.

एका शेतकऱ्याने मला अभिमानाने गच्ची दाखवली होती. वर्तमानपत्रं अंथरून त्यांवर पराग, शेजारी कुरडया. मी त्यांना म्हटलं, दोन्ही सारखंच वाळवलंत, पण कुरडई उकळत्या तेलात जाते आणि पराग चमच्याने थेट तोंडात. मध्ये मारणारं काहीच नाही. गच्चीवर कबुतरं होती, साल्मोनेला वेगळा शोधायला नको. पराग करायचाच तर कोरड्या महिन्यांतच. सापळा रोज संध्याकाळी रिकामा, पाऊस असेल तर सापळा लावायचाच नाही. त्याच रात्री शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात किंवा चाळीस अंशांच्या आत धरलेल्या बंद सुकवणीत, पाणी सहा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत. बोटांत चिमटल्यावर गोळी दाबली जाता कामा नये, फुटली पाहिजे. मग हवाबंद. घाटमाथ्यावर हे जमवणं कठीण आहे, आणि तुमच्या जागी मी असते तर पहिली दोन वर्षं पराग माश्यांनाच ठेवला असता.

रॉयल जेलीत, म्हणजे राणीसाठीच्या खाद्यात, दोन तृतीयांश पाणी असतं, आंबटपणावर ती तगते, पण गोठवूनच ठेवावी लागते. चौदा सातेरी पेट्यांतून ती विकण्याइतकी निघणारही नाही. प्रोपोलिसचा, म्हणजे माश्या झाडांवरून आणतात त्या डिंकाचा, प्रश्न तुम्हाला नाहीच, सातेरी माशी तो जवळजवळ गोळाच करत नाही.

भाजल्या-कापल्याला घरचा मध लावू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण गिऱ्हाईक विचारेल. मधाचा जखमेवरचा गुण खरा आहे. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांवर मध आणि भाजल्यावर लावायचं नेहमीचं मलम सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना करून १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत ती मांडली, आणि मध सरस ठरला. पण आज जखमेसाठी विकला जाणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. किरणांनी बीजाणू मरतात आणि मध तापतही नाही. बरणीतल्या मधाला तो दावा लेबलवर लावू नका.

पुढचा नमुना पाठवाल तेव्हा वरच्यावर ओतून घेऊ नका. डबा कोरड्या, उकळून वाळवलेल्या लांब चमच्याने तळापासून ढवळा आणि तीन वेगवेगळ्या डब्यांतून तीन वेगळ्या निर्जंतुक बाटल्या भरा. प्रत्येकीवर काढल्याची तारीख, त्या दिवशी पाऊस होता का, आणि रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा लिहा. जूनची एक जुनी बाटलीही सोबत पाठवा, न उघडता, जाड पिशवीत उभी बांधून. मागच्या वर्षी अशीच एक बाटली टपालात फुटली होती आणि आमच्या शिपायाच्या टेबलावर दोन दिवस मुंग्या होत्या.